आमची एम्मी

मागच्या महिन्यात मोरजीहून आत्येभावाचा फोन आला. "ताई, एम्मीला गिऱ्हाईक आलंय. काय करायचं?"

क्षणभर मला कळेचना. मग एकदम हसू आलं. एम्मी म्हणजे आमची जुनी विलायती मोटार. गेली पंचेचाळीस-एक वर्षं ती मोरजीत आत्याच्या परसात, फणसाखाली, चार चिऱ्यांवर टेकून बसलेली आहे. चाकं केव्हाच गेली. इंजिनाच्या जागी आता नेमकं काय आहे हे पाहायला कुणी वाकलेलं नाही. किनाऱ्याकडच्या एका हॉटेलवाल्याला ती हवी होती. चालवायला नव्हे हो! दारात उभी करायची, बॉनेटमध्ये माती भरून फुलझाडं लावायची, म्हणजे पर्यटक फोटो काढतील. तो देऊ करत असलेला आकडा ऐकून मी खुर्चीत बसले. बाबांनी १९७१ साली म्हापशात ती चौथ्या हातानं घेतली तेव्हा साडेतीन हजार रुपये मोजले होते आणि त्या व्यवहारानंतर आई पंधरा दिवस त्यांच्याशी फक्त कन्नडमध्ये बोलत होती. बाबांना कन्नड पूर्ण समजायचं, पण भांडणाला पुरेल इतकं बोलता यायचं नाही. अशा घरात वाढलेल्या वाचकांना हा प्रसंग वेगळा समजावून सांगायला नको.

एम्मी हे नाव ऐकून मोरजीतल्या शेजाऱ्यांना वाटायचं, कुणा गोऱ्या मडमेचं नाव गाडीला ठेवलंय. खरी गोष्ट अशी की धारवाडची आमची अज्जी एकदाच त्या गाडीत बसली. चंदगडच्या अलीकडे एका ओहोळात पाणी जेमतेम घोट्याइतकं होतं. गाडी बरोबर मधोमध गेली आणि बसली. बाबा हॅन्डल मारताहेत, आई पदर खोचून मागून ढकलते आहे, आणि अज्जी आत पाय वर घेऊन बसलेली. ती शांतपणे म्हणाली, "इदु एम्मी." ही म्हैस आहे. पाण्यात बसली की आपल्या मर्जीनं उठणार. नाव चिकटलं ते चिकटलंच.

एम्मी कोणत्या कंपनीची, हे मी मुद्दाम लिहीत नाही. चौथ्या हाताची गाडी, आधीच्या तीन मालकांनी तिच्याशी काय काय केलं असेल ते देव जाणे, आणि आमच्या बाबांनी काय केलं ते मी जाणते. ते सगळं कुणा कारखान्याच्या माथी मारणं बरं नव्हे.

पण अशी गाडी आमच्यासारख्या कोर्टातल्या कारकुनाच्या दारात आली कशी, हे सांगायला हवं. गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला. त्याआधी पोर्तुगीज अमदानीत तिथं परदेशी माल येत होता, खनिजाचा पैसा खेळत होता, आणि रस्त्यावर जर्मन, इंग्रजी, अमेरिकन अशा सगळ्या देशांच्या मोटारी दिसायच्या. त्यात एक गंमत अशी की पोर्तुगालनं १९२८ साली रस्त्याची उजवी बाजू धरली, पण गोव्यानं डावी सोडली नाही. त्यामुळे उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या इंग्रजी गाड्या गोव्यातही सोयीच्या आणि नंतर आपल्याकडेही. सीमेच्या अलीकडे मात्र सगळा वेगळाच कारभार. १९५० च्या दशकात सरकारनं तयार परदेशी गाड्यांची वाट जवळजवळ बंद केली आणि सांगितलं, इथं बनवायच्या असतील तर बनवा. जे कारखाने उभे राहिले त्यांनी बोट धरलं ते बहुतेक इंग्रजांचंच. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला मॉरिस आली. मद्रासला स्टँडर्ड आली. मद्रासलाच अशोक मोटर्स ऑस्टिन गाड्या जोडायची. तीच पुढे अशोक लेलँड झाली आणि मोटारी सोडून ट्रकांकडे वळली. मुंबईतली फियाट तेवढी इटालियन.

बाकी मग आपल्या दोन पिढ्यांनी जी गाडी पाहिली ती इंग्रजी घराण्याची. लग्नात नवरा-नवरी बसायची ती अँबॅसडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. इंग्लंडात ते मॉडेल १९५० च्या दशकातच मागे पडलं. आपल्याकडे १९५७ पासून निघू लागलं ते थेट २०१४ पर्यंत! आईवडिलांच्या घरातून कधीच बाहेर पडलेला मुलगा इथं आजोबा होऊन गेला म्हणा ना. हेरल्डही तशीच. ती इंग्लंडात १९५९ साली आली, मद्रासेत १९६१ साली निघू लागली. फार देखणी गाडी. इटालियन माणसानं रेखलेली. तिचं पुढचं सगळं तोंडच्या तोंड पुढे उघडायचं, मिस्त्रीला चाकावर बसून काम करता यायचं, आणि पंचवीस फुटांत ती गोल वळायची. खडेबाजारात वळवायला यासारखी गाडी नाही, असं बाबा सांगायचे. पण तिची मागची चाकं एकेकटी वरखाली व्हायची आणि आपल्या रस्त्यांना, आपल्या मिस्त्रींना ते कधी मानवलं नाही. शेवटी १९७२ च्या सुमारास गॅझेल नावानं ती पुन्हा आली तेव्हा मागे साधा सरळ दांडा घातलेला होता. १९७७ ला तीही संपली. बंगळुरात सिपानींनी १९८० च्या दशकात इंग्लंडच्या रिलायंट किटनवरून डॉल्फिन काढली. तिचं अंग फायबरचं. मोरजीच्या खाऱ्या वाऱ्यात आमच्या एम्मीपेक्षा ती नक्की जास्त टिकली असती, असा एक विचार मनात येऊन जातो.

असो. इंग्रजी गाड्या बंद पडायच्या ही तक्रार काही आपल्या एकट्यांची नव्हती. इंग्लंडातले लोकसुद्धा बर्मिंगहॅमच्या ल्युकसच्या वायरिंगवरून विनोद करायचे आणि त्या जोसेफ ल्युकसला अंधाराचा राजपुत्र म्हणायचे. तिथले बरेचसे कारखाने १९६८ साली ब्रिटिश लेलँड म्हणून एकत्र आले आणि सातच वर्षांनी, १९७५ ला, सरकारला ते सगळं ताब्यात घ्यावं लागलं. आमच्या गाडीतल्या अंधाराचं श्रेय मात्र ल्युकसला देता येणार नाही. बाबांनी तिच्यात घरातल्या दिव्याची वायर घातली होती.

आता एम्मीचे गुण सांगते, म्हणजे नुसती निंदा केली असं व्हायला नको. तिच्या आत एक वास होता. कातडं, पेट्रोल आणि जुन्या लाकडाचा. अजूनही कुठं जुनं कपाट उघडलं की मी मागच्या सीटवर जाऊन बसते. तिला वळायच्या खुणेसाठी दिवे नव्हते, दोन्ही बाजूंच्या खांबांतून एकेक नारिंगी पट्टी कानासारखी बाहेर यायची. ती बहुधा अडकायची. मग बाबा पुढून ओरडायचे, "डावा!" आणि डावीकडे बसलेल्या भावानं आतून खांबावर गुद्दा मारायचा. उजवी बाजू माझी. सगळ्या वर्गात आमच्याइतकं महत्त्वाचं काम कुणाच्या गाडीत कुणाला नव्हतं.

तिला हीटर होता. मोरजीत हीटर! पण तोही उपयोगी पडला. परतीच्या वाटेवर आंबोलीचा घाट चढताना रेडिएटर उकळायला लागला की बाबा हीटर पूर्ण उघडायचे, म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता आमच्या पायांवर यायची आणि गाडी कशीबशी वर पोचायची. मे महिन्यात, बंद गाडीत, पायांवर गरम झोत. आई पदरानं आमची तोंडं पुसत म्हणायची, "साकु, साकु." पुरे झालं. पेट्रोलची नळी तापली की आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी रस्त्यातच निःश्वास टाकल्यासारखी थांबायची. त्यावर औषध म्हणजे पंपावर ओला फडका. त्यासाठी बाबांनी आईची एक जुनी कॉटनची साडी फाडून ठेवली होती. आईला विचारलं नव्हतं.

मिस्त्री लोकांना एम्मीबद्दल राग आणि आदर दोन्ही होतं. पान्यांचा मोठा घोळ. मिलिमीटरचे पाने लागायचे नाहीत, सुताचे लागतील म्हणावं तर तेही नीट बसायचे नाहीत. तिचे नट इंग्रजांच्या कसल्या जुन्याच मापाचे. मग मिस्त्री पान्यात पत्र्याचा तुकडा घालून नट फिरवायचा आणि दर वेळी नटाचा एक कोपरा झिजायचा. बॅटरीचंही उलटंच. सगळ्या गाड्यांत उणे टोक अंगाला जोडतात, हिच्यात अधिक. बेळगावात एका नव्या पोरानं सवयीनं उलटी जोडली आणि धूर काढला. आणि तेल? तेल कुठून ना कुठून गळायचंच. आत्याचं अंगण शेणानं सारवलेलं, मध्ये तुळस. तिनं पहिल्याच वर्षी गाडी अंगणाबाहेर फणसाखाली लावायला लावली आणि जिथं थेंब पडायचा तिथं करवंटी ठेवली. करवंटी भरली की ते तेल खिडक्यांच्या बिजागऱ्यांना.

हे सगळं मी रंगवून सांगू शकते. आमच्या घरातले पुरुष तर फारच रंगवून सांगतात. लग्नकार्यात दोन काका आणि माझा भाऊ एकत्र बसले की एम्मी कुठं कुठं बंद पडली याची यादी सुरू होते. शिनोळी, पाटणे फाटा, आंबोलीचा धबधबा, बांद्याचा पूल. ऐकणारे पोट धरून हसतात. त्या यादीत एक गोष्ट कधी येत नाही. प्रत्येक ठिकाणी ढकलत कोण होतं? बाबा स्टिअरिंगवर. कुणीतरी आत बसून क्लच सोडायलाच हवा, आणि गाडी चालवणं फक्त त्यांना येत होतं, कारण दुसऱ्या कुणाला त्यांनी शिकवलंच नव्हतं. गाडी थांबली की आई दार उघडून म्हणायची, "इळीरी." उतरा. आम्ही दोघं भावंडं आणि ती, नऊवारी नसली तरी सहावारी साडी सावरत, चिखलात पाय रोवून ढकलायचो. गाडी सुरू झाली की बाबा ती बंद पडू नये म्हणून शंभरेक पावलं पुढे नेऊन थांबवायचे आणि आम्ही धावत गाठायचो. बाबांच्या आठवणीत तो घाट, ती हवा, इंजिनाचा आवाज आहे. आईच्या आठवणीत गाडीची मागची बाजू आहे.

तरी त्या हसण्यावारी नेण्याच्या गोष्टी. एक गोष्ट तशी नाही.

१९७६ सालची चवथ. मी चौदा वर्षांची. आम्ही दोन दिवस आधी मोरजीला पोचलो होतो, आणि आश्चर्य म्हणजे न थांबता. आत्याच्या यजमानांना आम्ही मामा म्हणायचो. कन्नडात माव, मराठीत मामा, त्यामुळे आईलाही ते सोपं जायचं. मामा फार उत्साही माणूस. चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी बांधायची म्हणून ते संध्याकाळी वरच्या सड्याकडे रानातली फळं आणायला गेले. नारळाची पेंड, सुपारीचं शिपटं, आंबाडे हे सगळं घरचं होतं, पण घागऱ्या आणि कांगलां बाजारातून आणलेली त्यांना चालत नसत. काळोख पडता पडता ते परत आले ते डावा हात उजव्या हातात धरून. झुडपात हात घातला होता. बोटाला फुरसं चावलं होतं. त्यांनी ते पाहिलं होतं, त्यामुळे शंका नव्हती.

त्या वेळी म्हापशाला जायचं म्हणजे चोपड्याच्या धक्क्यावर जाऊन फेरीबोटीनं शापोरा नदी ओलांडायची, पलीकडे शिवोली, तिथून म्हापसा. आता पूल आहे, त्यामुळे आजच्या मुलांना त्या नदीची रुंदी कळणार नाही. पाऊस धो धो. पण घरात कुणी फारसं घाबरलं नाही, कारण दारात मोटार होती. शेजारचे दोघेतिघे धावत आले, त्यांनी विचारलं, "होडी काढूं?" बाबा म्हणाले, नको, गाडी आहे, वीस मिनिटांत धक्क्यावर पोचतो, फेरी मिळेल.

एम्मी सुरू झाली नाही.

डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाला तडा गेला होता. ते झाकण काळ्या बॅकेलाईटचं असतं, त्याच्या आतून ठिणगी एकेका प्लगकडे जाते. तड्यात ओल शिरली की ठिणगी प्लगपर्यंत न जाता वाटेतच उतरते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बाबांना मात्र माहीत होतं. तडा जूनमध्येच दिसला होता. नवं झाकण मुंबईहून मागवावं लागलं असतं. मिस्त्रीनं तड्यावर नेलपॉलिश लावून दिलं होतं, तात्पुरतं म्हणून. आमच्या घरात आलेली नेलपॉलिशची ती पहिली बाटली. आईनं कधी लावलं नाही, गाडीला लागलं. आणि त्याच महिन्यात बाबांनी चवथीला जायचं म्हणून एम्मीच्या बंपराला नवी चकाकी करून घेतली होती. झाकणाचं चवथ झाल्यावर बघू, असं ते आईला म्हणाले होते, माझ्यासमोर.

बाबांनी हॅन्डल मारलं. झाकण काढून धोतरानं पुसलं, पुन्हा लावलं. पुन्हा हॅन्डल. शेजाऱ्यांनी ढकलली. चिखलात चाकं नुसती घसरली. "आता होईल, आता होईल" असं चाललेलं. मामा पडवीत खुर्चीवर बसून, आपल्या हाताकडे पाहत. हात कोपरापर्यंत सुजला होता. असा तास गेला, दीड तास गेला. शेवटी आत्याच उठली. ती कुणाला काही बोलली नाही, सरळ शेजारच्या वाड्यावर गेली आणि होडीवाल्याला घेऊन आली. मामांना खुर्चीसकट चौघांनी उचललं. आत्या आणि दोन माणसं त्यांच्यासोबत होडीत बसली. नदीला भरती, वरून पाऊस. कंदील दोनदा विझलेला आम्ही काठावरून पाहिला. मग दिसेनासा झाला.

शिवोलीला त्यांना एक टॅक्सी मिळाली. जुनी मर्सिडिझ, डिझेलवरची, पोर्तुगीजांच्या काळापासून गोव्यात टॅक्सी म्हणून धावत होत्या त्यातली. टॅक्सीवाला झोपला होता. त्याला उठवलं, त्यानं किल्ली फिरवली आणि गाडी निघाली. आत्या पुढे एवढंच सांगायची, "किल्ली फिरवली आणि निघाली." त्यात सगळं आलं.

म्हापशाच्या इस्पितळात डॉक्टरांनी मामांचं थोडं रक्त काचेच्या नळीत काढून नुसतं ठेवून दिलं. ते गोठेना. फुरशाचं विष रक्ताची गोठायची शक्तीच काढून घेतं. हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. सर्पविषावरची लस होती, हाफकिनमध्ये तयार होते ती. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चौघांवर एकच. किती बाटल्या लागल्या कोण जाणे. पण मामा वाचले. अकरा दिवसांनी घरी आले. डॉक्टर म्हणाले, फुरसं घाई करत नाही, म्हणून वाचलात. नाग असता तर एवढा वेळ मिळाला नसता. ते बोट मात्र पुढे कधी पूर्ण वाकलं नाही.

बाबा त्या रात्री होडीत गेले नाहीत. ते गाडीपाशीच राहिले. मला रात्री दोनदा जाग आली, दोन्ही वेळा हॅन्डलचा आवाज येत होता. सकाळी पाऊस थांबला, लख्ख ऊन पडलं. बाबांनी झाकण काढून तासभर उन्हात ठेवलं, पुन्हा बसवलं, आणि एम्मी पहिल्या हॅन्डलला सुरू झाली. इतका गोड आवाज तिनं पूर्वी कधी काढला नव्हता. आई तेव्हा स्वयंपाकघरात नेवऱ्या तळत होती, कारण गणपती तर आणायचाच होता. ती बाहेर आली, गाडीकडे पाहिलं आणि आत गेली. बाबा डबा घेऊन गाडीनं चोपड्याला, फेरीनं पलीकडे आणि म्हापशाला गेले. तिथं मामांनीच त्यांची समजूत काढली म्हणे.

आत्या मात्र एक वाक्य बोलली. भांडून नव्हे, भाजी चिरता चिरता. "दादा, गाडी नसती तर होडी आधीच काढली असती."

मी या वाक्याचा आयुष्यभर विचार केला आहे. वाहन नसलेल्या घराला आपल्याकडे वाहन नाही हे माहीत असतं, ते दुसरी सोय बघतं. आमच्या दारात वाहन असल्याचा देखावा होता, आणि दीड तास आम्ही त्या देखाव्यावर विसंबलो. त्यात इंग्रजांचा दोष किती? त्यांनी ती गाडी आपल्या थंड, सपाट गावांसाठी बनवली होती. कोकणातल्या पावसाचं वचन त्यांनी कुणाला दिलं नव्हतं. तडा दिसला तेव्हा ते झाकण बदलायचं होतं, एवढीच गोष्ट. गाडीवर प्रेम करणाऱ्या माणसांची एक खोड मी पुढेही पुष्कळ ठिकाणी पाहिली. दिसेल त्या भागावर खर्च करायचा, आणि न दिसणारा भाग नशिबावर सोडायचा. माझ्या बाबांवर माझा जीव होता, म्हणून हे लिहायला मला एवढी वर्षं लागली.

त्या वर्षी दसऱ्याला बेळगावात बाबांनी नेहमीप्रमाणे गाडी धुतली. झेंडूची माळ आईनं करून ठेवली होती. ती तिनं भावाच्या सायकलला घातली.

एम्मी त्यानंतर तीन वर्षं चालली. नवं झाकण लगेच आलं होतं, हे सांगायला नकोच. १९७९ च्या मे महिन्यात मोरजीतच तिचा सांगाडा मागच्या बाजूला मोडला. म्हापशाच्या मिस्त्रीनं खाली सरपटून पाहिलं आणि हातात गंजाचे पापुद्रे घेऊन बाहेर आला. खारा वारा, लाल चिखल आणि आठ पावसाळे. बाबा म्हणाले, तात्पुरती इथंच राहू दे, बघू. आम्ही एसटीनं परत आलो. आई खिडकीपाशी बसली होती आणि आंबोलीच्या घाटात झोपली. त्या घाटात मी तिला पहिल्यांदाच झोपलेली पाहत होते.

पुढे १९८३ च्या डिसेंबरात मारुतीच्या पहिल्या गाडीची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली आणि काही वर्षांत आमच्या काकांच्या दारातही एक आली. बाबा तिला डबी म्हणायचे. तिच्यात जीव नाही, आवाज नाही, पत्रा कागदासारखा. सगळं खरं होतं. आईनं एकदाच फेरी मारली, उतरली आणि म्हणाली, "ढकलावी लागली नाही." जुन्या गाड्यांबद्दल हळवे लेख वाचते तेव्हा मला आईचं हे वाक्य आठवतं. मात्र बाबांचंही एक खरं होतं. एम्मी बिघडली की का बिघडली हे डोळ्यांना दिसायचं. वायर, नळी, झाकण, नट. रस्त्यावरच्या पोरालाही दाखवता यायचं. माझ्या आत्ताच्या गाडीत एक पिवळा दिवा लागला की ती कंपनीत न्यावी लागते, तिथं तिला संगणक लावतात, आणि मग काचेपलीकडचा मुलगा मला आकडा सांगतो. काय झालं होतं, ते तोही सांगू शकत नाही.

तर गिऱ्हाइकाचा फोन आल्यावर आम्ही भावंडं मोरजीला गेलो. भावाच्या डोक्यात वेगळंच होतं. २०२१ साली केंद्र सरकारनं जुन्या वाहनांचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए अशी अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये भरावे लागतात आणि नोंदणी दहा वर्षं चालते. रोजच्या वापराला ती रस्त्यावर काढायची नाही, प्रदर्शनाला किंवा रॅलीला न्यायची. मी म्हटलं, "मूळ स्वरूप? अरे, हिचा मागचा भाग मूळ स्वरूपात मातीत मिसळलाय." तो फणसाखाली वाकून बराच वेळ पाहत होता. मग त्यानं उजवीकडच्या खांबावर आतून एक गुद्दा मारला. काही बाहेर आलं नाही.

मोरजी आता ओळखू येत नाही. टेंबावर कासवं अंडी घालायला येतात ती जागा वनखात्यानं राखलेली, तिच्या दोन्ही बाजूंना हॉटेलं, आणि मोपाच्या विमानतळावरून आलेल्या पाट्या लावलेल्या टॅक्सी. आत्या शहाऐंशीची आहे. मामा २००३ मध्ये गेले. ती पडवीत बसलेली असते आणि सगळ्यांवर लक्ष ठेवून असते. आम्हाला वाटलं, ती म्हणेल, न्या एकदाची ती गाडी.

"कोण तो? बॉनेटात झाडं लावणार?" तिनं विचारलं. "आणि माझ्या कोंबड्या कुठं जाणार?"

हे सांगायचं राहिलंच. १९८० पासून एम्मीत आत्याच्या कोंबड्या राहतात. दारं बंद होतात, त्यामुळे मुंगूस येत नाही. सीटवरचं कातडं गेलं, तिथं ती भाताचं काड घालते. जिनं ती गाडी सर्वांत आधी घराबाहेर काढायला हवी होती, तिनंच ती सांभाळली. मी एकदा तिला कारण विचारलं होतं. ती म्हणाली, "अगो, उभी राहून काहीच न करण्यापेक्षा अंडी तरी देते."

आत्येभावानं हॉटेलवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, उद्याच क्रेन पाठवतो, पैसे रोख. आत्येभाऊ आत्याकडे बघायला लागला. आत्या उठली, काठी टेकत फणसापर्यंत गेली, मागचं दार किलकिलं केलं आणि आत डोकावून परत आली.

"त्याला सांग, मागच्या सीटवर कोंबडी खुडूक बसलीय. कालच अंडी घातलीत खाली. एकवीस दिवस थांब म्हणावं."